जॉन फॉन नॉयमन आणि चालू सर्व्हरचं नवं कर्नल
फोनची सिस्टिम अपडेट झाली की रीस्टार्ट करावाच लागतो. लिनक्स सर्व्हरवर मात्र केएक्सेक नावाची सोय आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जुनं कर्नल चालू असतानाच नवं रॅममध्ये आणून ठेवायचं आणि प्रोसेसरला थेट त्यावर उडी मारायला लावायची. सुरुवातीची हार्डवेअर तपासणी टळते, मोठ्या सर्व्हरवर काही मिनिटं वाचतात. मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं, आता सर्व्हर सांभाळतो. हे ज्या कल्पनेवर चालतं, तिच्याशी जॉन फॉन नॉयमन यांचं नाव जोडलेलं आहे.

आपल्या नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ १९०३ सालचे. त्याच वर्षी २८ डिसेंबरला बुडापेस्टमध्ये नॉयमन जन्मले. वडील बँकेतले. पोराला गणिताचं वेड, वडिलांना मात्र पोटापाण्याची डिग्री हवी. लातूर पॅटर्नमधून गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको! शेवटी नॉयमन यांनी झुरिचला केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि बुडापेस्टला गणितात डॉक्टरेटही मिळवली. पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. महायुद्धात अणुबॉम्बच्या कामातही होते.

१९४४ मध्ये त्यांना एनिॲक या कॉम्प्युटरविषयी कळलं. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. गणित झटक्यात व्हायचं, पण नवा प्रोग्राम द्यायचा म्हणजे वायरी आणि स्विच पुन्हा जुळवा. त्यात कधी कधी दिवस जायचे. १९४५ मध्ये एडव्हॅक या पुढच्या मशीनच्या अहवालात नॉयमन यांनी उपाय मांडला: प्रोग्रामही आकड्यांसारखाच मेमरीत ठेवायचा. अहवालावर नाव फक्त त्यांचं आलं. मशीन बनवणारे एकर्ट आणि मॉकली यावर नाराज झाले. मला त्यांची नाराजी रास्त वाटते, कारण ही कल्पना सगळ्यांच्या चर्चेतून घडली होती.

१९५७ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, नॉयमन कॅन्सरने गेले.

केएक्सेकच्या दृष्टीने कर्नलसुद्धा मेमरीतला डेटाच, म्हणून तर बदलता येतं. पण मग हॅकरलाही बदलता येईल की! त्यासाठीच सिक्युअर बूट चालू असेल तर सही तपासलेलंच कर्नल घेतलं जातं. आणि एक लक्षात ठेवा: या उडीत चालू प्रोग्राम टिकत नाहीत. आधी डेटाबेस नीट बंद करा, मगच कमांड द्या.