डिक्सीची डेरिक क्रेन : पॉल अँडरसन

होस्टेलच्या जिममध्ये एक वाद कायम चालू असतो. उंच मुलं म्हणतात, आमचे हातपाय लांब, म्हणून आम्हाला वजन जड जातं. बुटकी मुलं म्हणतात, ही सगळी न करण्याची कारणं! खरं कोणाचं? याचं उत्तर थोडं अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आहे आणि थोडं पॉल अँडरसन नावाच्या माणसाच्या आयुष्यात.

पॉलचा जन्म १९३२ साली अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ या छोट्या गावात झाला. लहानपणीच त्याला किडनीचा गंभीर आजार झाला. त्यातून वाचला, दणकट झाला आणि फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर फर्मन युनिव्हर्सिटीत गेला. पण तिथे त्याचं मन रमलं नाही. कॉलेज सोडून तो टेनेसीला घरी परतला आणि वेट्सच्या मागे लागला. महागडं सामान कुठलं असणार? सिमेंट भरलेले ड्रम, गाड्यांची चाकं, लोखंडी ॲक्सल... भंगारातून त्याने स्वतःची जिम उभी केली.

त्याची उंची होती साधारण पाच फूट साडेनऊ इंच. हेवीवेटमध्ये ही काही फार नाही. पण शरीर एकदम कॉम्पॅक्ट आणि मांड्या तर झाडाच्या बुंध्यासारख्या! आता फिजिक्स बघा. स्क्वॉटमध्ये २०० किलोचा बार म्हणजे सुमारे १९६० न्यूटनचा फोर्स. खाली बसल्यावर बारच्या लाइनपासून हिप जॉइंट २५ सेंटिमीटर मागे असेल, तर मोमेंट येतो ४९० न्यूटन-मीटर. लांब मांडीच्या माणसाचं हेच अंतर ३० झालं, तर ५८८! म्हणजे वजन तेवढंच, पण मेहनत २० टक्के जास्त. शिवाय बार वर न्यायचं अंतरही जास्त. अमेरिकेचाच जो डिपिएट्रो पाच फूटसुद्धा उंच नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने ५६ किलो गटात गोल्ड मेडल मिळवलं. उलट डेडलिफ्टमध्ये लांब हात फायद्याचे, कारण बार धरायला कमी वाकावं लागतं.

पॉलने हा मोमेंटचा खेळ वेगळ्याच पद्धतीने खेळला. त्याने जमिनीत खड्डा खणला आणि त्यात उभं राहून काठावर ठेवलेलं प्रचंड वजन तो खांद्यावर घ्यायचा. खड्डा खोल असेपर्यंत गुडघे थोडेच वाकायचे, म्हणून वजन झेपायचं. मग तो हळूहळू माती टाकत जायचा. पाय वर येत गेले, की त्याच वजनासाठी जास्त खाली बसावं लागायचं. शरीराची मापं तीच ठेवून त्याने अशी ताकद वाढवली.

१९५५ मध्ये, ऐन कोल्ड वॉरच्या दिवसांत, अमेरिकन टीम मॉस्कोला गेली. पावसात हजारो लोक बघायला उभे होते. रशियन चॅम्पियन मेदवेदेवने प्रेसमध्ये १५० किलो उचलले. मग हा गोल गरगरीत माणूस आला आणि त्याने १८२.५ किलो डोक्यावर नेले. सगळे थक्क! त्याच वर्षी तो म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाला. अमेरिकेच्या दक्षिणेला डिक्सी म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं ‘डिक्सी डेरिक’, म्हणजे डिक्सीची क्रेन.

खरी परीक्षा १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये झाली. पॉलला कानाचं इन्फेक्शन झालं होतं आणि अंगात १०४ ताप. अर्जेंटिनाचा सेल्वेट्टी प्रेसमध्ये ७.५ किलोने पुढे गेला. शेवटच्या क्लीन अँड जर्कमध्ये पॉलला १८७.५ किलो हवेच होते. पहिला प्रयत्न फेल. दुसरा फेल. तिसऱ्यांदा बार वर गेला आणि वरच राहिला! दोघांचं टोटल ५०० किलो. अशा वेळी ज्याचं स्वतःचं वजन कमी तो विनर. सेल्वेट्टी १४३.५, पॉल १३७.९. जगातल्या सर्वांत जाड माणसांपैकी एक ‘हलका’ म्हणून जिंकला!

नंतर तो प्रोफेशनल झाल्यामुळे ऑलिंपिकचं दार बंद झालं. त्याच्या शोमधले काही आकडे इतके अफाट आहेत की त्यांवर आजही वाद आहेत. पण १९६१ मध्ये त्याने आणि पत्नी ग्लेंडाने विडेलियाला अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी घर सुरू केलं, त्याबद्दल वाद नाही. स्वतःच्या ताकदीची कमाई त्याने तिथे घातली. पुढे किडनीने पुन्हा गाठलं. बहिणीने किडनी दिली, त्यावर तो आणखी काही वर्षं जगला. १९९४ मध्ये तो गेला.

तेव्हा उंच मित्रांनो, तुमची तक्रार फिजिक्सला मान्य आहे. पण सहा फुटांहून उंच असलेल्या रशियाच्या अलेक्सेयेवने १९७० मध्ये सर्वांत आधी ६०० किलोचं टोटल गाठलं होतं, कारण मोठ्या सांगाड्यावर मसलही जास्त बसतो. हाडांची लांबी आपल्या हातात नाही. खड्ड्यात रोज किती माती टाकायची, ते मात्र आहे.