सेनापतींचा रस्ता

मुळशीहून मुंबई पाहायला आलेला पाहुणा दादर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून रमतगमत परळकडे निघाला, की त्याच्या पायांखाली सेनापती बापट मार्ग असतो. जुना तुळशी पाइप रस्ता. पाटी वाचून त्याची पावले थबकतात, कारण हे नाव त्याच्या घरचे आहे.

पांडुरंग महादेव बापट १८८० साली पारनेरला जन्मले. शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले आणि तेथे स्वातंत्र्याच्या ध्यासाने भारले गेले. पॅरिसला बॉम्बची विद्या शिकून आलेला हा तरुण पुढे पारनेरच्या गल्ल्या स्वतः झाडू लागला. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशीचे मावळे उठले, तेव्हा ते त्यांचे सेनापती झाले. पुन्हापुन्हा तुरुंग भोगला. त्या लढ्यातल्या दीर्घ शिक्षेतून १९३१ साली सुटले, तोवर धरण पुरे झाले होते. गावे बुडाली, वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९६७ साली सेनापती निवर्तले.

त्याच गिरणगावातून आज त्यांच्या नावाचा रस्ता जातो. शहराने नाव दिले. जमीन मात्र पाण्याखालीच राहिली. पाहुण्याला हे ठाऊक असते. आपल्याला असते का?