विद्येची एकच पंगत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शिक्षणविषयक जीवनकार्य

आपल्या चारठाण्याची हेमाडपंती देवळे पाहावयास दूरदूरची माणसे येतात. ज्यांनी हे पाषाण कोरले त्या कारागिरांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. हाताचे कसब एकाकडे आणि पोथीचा अधिकार दुसऱ्याकडे, अशी वाटणी आपल्या समाजात शतकानुशतके चालत आली. अक्षरे गिरविण्यापासून थेट विद्यापीठाच्या सर्वोच्च पदवीपर्यंत ही वाटणी मोडून काढण्यासाठी ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सारे जग ओळखते. तथापि आपल्या मराठवाड्यावर त्यांचे जे विशेष ऋण आहे ते विद्यादानाचे आहे, आणि त्याची आठवण आपल्या घराघरांत असावी तितकी नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते व विद्येचे मोल पूर्णपणे जाणून होते. १९०० साली मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले गेले. शाळेत प्रवेश मिळाला, परंतु वर्गात जागा मिळाली नाही. बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यावे लागे, आणि शिपाई नसला तर तहान तशीच सोसावी लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. दार उघडे असणे आणि आत मानाने बसता येणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा त्यांना बालवयातच मिळाला आणि तो ते जन्मभर विसरले नाहीत.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी सत्कार करून गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवी पदरी पडल्यावर १९१३ साली महाराजांनीच त्यांना अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथे त्यांना जॉन ड्यूई व एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि १९१६ साली भारतातील जातिसंस्थेवर त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्या विद्यापीठाच्या वर्गात त्यांना कोणी वेगळे बसविले नाही. परंतु त्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या काळ्या लोकांच्या मुलांना गोऱ्यांच्या विद्यापीठाची पायरीही चढता येत नसे. वर्ण असो वा जात असो, माणसास अडविण्याची रीत सगळीकडे सारखीच असते, याची जाणीव त्यांना पुढेही राहिली. १९४६ साली तेथील काळ्या समाजाचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जी दाद मागितली होती, तिची प्रत त्यांना हवी होती.

शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत या उच्चविद्याविभूषित तरुणाच्या मेजावर शिपाई दुरून कागद फेकीत, आणि राहावयास शहरात एक खोली मिळू नये अशी त्याची अवस्था झाली. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर कॉलेजांचेही विद्यार्थी येऊ लागले. तरीही प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. साताऱ्याच्या शाळेतील पाणी आणि सिडनहॅममधील पाणी यांत फरक तो काय राहिला? विद्या वाढली म्हणून विटाळ आपोआप जात नाही, तो घालविण्यासाठी विद्यापीठेच बदलावी लागतात, हे या अनुभवाने त्यांच्या मनावर ठसविले असले पाहिजे.

पगारातून साठविलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या व बॅरिस्टरही झाले. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना १९२७ साली प्राप्त झाली. इतक्या पदव्या घेऊन एखादा मनुष्य स्वतःच्या संसाराचे भले करून स्वस्थ बसला असता. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरास वसतिगृह काढले. खेड्यातील गरिबाचा मुलगा शाळेच्या फीपेक्षा भाकरी आणि निवारा यांच्या अभावी मागे राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९२७ पासून मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी विद्यापीठांचा प्रश्न लावून धरला. विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी कचेरी नव्हे, गरीब व मागासलेल्या वर्गांपर्यंत उच्च विद्या नेणे हे तिचे कर्तव्य आहे आणि तिच्या कारभारात या वर्गांनाही स्थान असले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मंजूर करून घेतल्या व काही विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याची सोय केली. पुढे घटना अमलात आल्यावर मद्रास इलाख्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी कॉलेजांच्या जागावाटपाचा वाद न्यायालयात गेला आणि मागास वर्गांना दिलेल्या जागा १९५१ साली रद्द ठरल्या. तेव्हा त्याच वर्षी घटनेची पहिली दुरुस्ती होऊन कलम १५ मध्ये नवे पोटकलम घालण्यात आले. त्या वेळी कायदेमंत्री बाबासाहेबच होते. आज आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले-मुली ज्या जागांवर डॉक्टरी वा इंजिनिअरिंग शिकतात, त्या जागांचा आधार हे पोटकलम आहे.

आता आपण आपल्या मराठवाड्याकडे वळू. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाचे मोठे केंद्र म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील माध्यम उर्दू. चारठाण्यासारख्या गावच्या मराठी मुलाने, त्यातही गरिबाच्या मुलाने, पदवीचे स्वप्न पाहणे हे जवळजवळ अशक्यच होते. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती व १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले होते. दुसरे कॉलेज पुण्या-मुंबईत न काढता त्यांनी या उपेक्षित प्रदेशाची निवड केली. जून १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेजचे वर्ग सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे या कॉलेजास मिलिंद हे नाव मिळाले. भिक्षू नागसेनास निर्भयपणे प्रश्न विचारणारा आणि पटले ते मोकळेपणाने मान्य करणारा राजा तो मिलिंद. कॉलेजचा परिसर नागसेनवन म्हणून प्रसिद्ध झाला.

या कॉलेजाविषयी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावयास हवी. ज्यांना सर्वांनी बाहेर ठेविले त्यांच्या पुढाऱ्याने ते उभारले, परंतु त्याचे दार त्याने कोणासही बंद केले नाही. अध्यापक निवडताना जात पाहिली नाही. प्रा. म. भि. चिटणीस यांच्यासारख्या विद्वानांनी त्याचे प्राचार्यपद भूषविले. सर्व जातींची मुले एका बाकावर बसली आणि एका ग्रंथालयात वाचू लागली. योगायोग असा की त्याच जून १९५० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेमन स्वेट या काळ्या तरुणास टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश देण्याचा निकाल दिला. काळ्यांसाठी तेथे निराळे कॉलेज काढून देण्यात आले होते. परंतु ज्यांच्याबरोबर पुढे व्यवसाय करावयाचा, त्यांच्यापासून वेगळे ठेवून दिलेली विद्या समान होऊ शकत नाही, असे न्यायालयास आढळले. आपल्याला हे समजण्यास कायद्याचे पुस्तक नको. गावजेवणात ज्यांची पंगत अंगणाबाहेर बसे, त्यांच्या पानात तेच अन्न वाढले तरी तो मान नव्हता. बाबासाहेबांनी विद्येची पंगत एकच मांडली.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली आणि १९५३ साली उस्मानिया विद्यापीठानेही डी. लिट. देऊन गौरविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला व ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी त्यास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात, आपल्या परभणी जिल्ह्यातही, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. ज्याने आपल्या मुलांसाठी कॉलेज काढले त्याचे नाव नको म्हणून आपल्याच शेजाऱ्याचे घर पेटावे, ही लाजिरवाणी गोष्ट आपल्या इतिहासात आहे. सोळा वर्षांनंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. त्या दिवसांत आपली वडीलधारी मंडळी कोठे उभी होती, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्या मनाशी विचारून पाहावा.

हे सारे आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण आहे. ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थ्यांस मदत करावी की नाही, याविषयी शंका नको. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे काढली, परंतु त्या साऱ्या वसतिगृहांतील मुले शिकावयास बाहेरच्या सामाईक शाळा-कॉलेजांतच जात. वसतिगृह ही शिडी होती, भिंत नव्हती. आपला शिष्यवृत्तीचा निधी, गुणवंतांचे सत्कार, वह्या-पुस्तकांची मदत याही शिड्याच असाव्यात. आपल्या मुलाने वर चढून गेल्यावर कॉलेजातील दुसऱ्या जातीच्या मुलास आडनावावरून हिणविले, तर आपण त्यास शिडी दिली की भिंत, याचा विचार व्हावयास हवा. असे हिणविणे संपलेले नाही, म्हणून तर २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगास उच्च शिक्षणसंस्थांत समता राखण्यासाठी विनियम करावे लागले.

यंदा ज्यांची मुले-मुली परभणी, संभाजीनगर वा पुणे येथे शिकावयास जातील, त्या मातापित्यांनी निरोप देताना पैशांबरोबर एवढा उपदेशही द्यावा. सोबतच्या मुलाला प्रथम त्याचे नाव विचारावे, जात विचारू नये. आणि कोणास एकटे पाडलेले दिसले तर आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसावे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या त्या मुलाच्या शेजारी तेव्हा कोणी बसले नाही. आपल्या मुलांनी तरी ती चूक करू नये, हीच बाबासाहेबांना आपल्या ज्ञातीची आदरांजली ठरेल.