स्वदेशाला मुकलेला स्वरकार

चित्रपटगृहातील दिवे मालवतात. पडद्यावर नायक आणि नायिका समोरासमोर येतात. दोघेही नि:शब्द असतात. इतक्यात व्हायोलिनांचा आर्त सूर उमटतो, इतर वाद्ये त्याला येऊन मिळतात आणि पाहता पाहता प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. जे शब्दांना साधत नाही, ते सूर साधून जातात. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला हे सामर्थ्य ज्या थोड्या संगीतकारांनी मिळवून दिले, त्यांत एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

एरिकचा जन्म २९ मे १८९७ रोजी ब्रनो या नगरात एका ज्यू कुटुंबात झाला. आज चेक प्रजासत्ताकात असलेले हे नगर त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. एरिक चार वर्षांचा असताना हे कुटुंब व्हिएन्ना येथे राहावयास आले. तेथे त्याचे वडील यूलियस हे एका मोठ्या वृत्तपत्राचे संगीत-टीकाकार होते. थोर संगीतकार मोझार्ट याच्या नावावरून त्यांनी मुलाचे दुसरे नाव वोल्फगांग ठेवले होते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण एरिकच्या बाबतीत अक्षरश: खरी ठरली. त्याने बालवयातच रचलेले संगीत ऐकून गुस्टाव्ह मालर यांच्यासारखा श्रेष्ठ संगीतकार चकित झाला आणि त्यांच्या सल्ल्यावरून त्याचे शिक्षण सुरू झाले. अकराव्या वर्षी त्याने एका मूकनाट्याचे संगीत रचले. १९१० साली ते व्हिएन्नाच्या राजदरबारी संगीतगृहात सादर झाले, तेव्हा तो केवळ तेरा वर्षांचा होता. पुढे १९२० साली त्यांचे ‘मृत नगरी’ हे संगीतनाट्य हॅम्बर्ग आणि कोलोन या दोन नगरांत एकाच दिवशी रंगभूमीवर आले. दिवंगत पत्नीच्या आठवणीत बुडून गेलेल्या पुरुषाची ही करुण कथा युरोपभर गाजली. तरीही पित्याच्या दबदब्यामुळेच पुत्राची स्तुती होते, अशी कुजबुज त्यांच्या कानी येतच असे. ते शल्य त्यांनी मुकाट्याने सोसले.

१९३४ साली नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्या निमंत्रणावरून कोर्नगोल्ड अमेरिकेत हॉलिवूड येथे गेले. तेथे पोहोचताच त्यांनी तंत्रज्ञांना विचारले, की एक फूट चित्रफीत पडद्यावर किती काळ चालते? दोन-तृतीयांश सेकंद, असे उत्तर मिळाले. तेवढ्यात सुरांची किती वळणे बसतील, याचा हिशेब त्यांनी तत्काळ मनाशी केला, असे सांगतात.

त्यांची कामाची रीत निराळी होती. चित्रपट पडद्यावर चालू असताना ते पियानोपाशी बसत आणि पाहता पाहता सूर जुळवीत. प्रत्येक प्रमुख पात्राला ते स्वतंत्र स्वरावली देत. संवाद चालू असता वाद्ये त्यांच्या आड येऊ नयेत याची ते दक्षता घेत आणि शब्द थांबताच साऱ्या वाद्यवृंदाला मोकळी वाट करून देत. चित्रपट म्हणजे गायकांविना रंगणारे संगीतनाट्यच होय, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांनी या कामाला कधी हलके लेखले नाही.

१९३८ च्या प्रारंभी ते व्हिएन्नाला असताना ‘रॉबिन हूड’ या चित्रपटासाठी त्यांना पुन्हा बोलावणे आले. ते अमेरिकेस गेले; परंतु मारामारीचा तो चित्रपट पाहून, आपल्या हातून हे काम होणार नाही, असे त्यांनी प्रथम कळविले. त्याच सुमारास स्वदेशातून चिंताजनक वार्ता येऊ लागल्या आणि त्यांनी काम स्वीकारले. मार्च महिन्यात हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. व्हिएन्नातील त्यांचे घर जप्त झाले. मागे राहिलेले आईवडील आणि थोरला मुलगा अगदी वेळेवर निसटले. त्या चित्रपटाने आपले प्राण वाचविले, असे कोर्नगोल्ड पुढे म्हणत.

मनावर असा घाव बसलेला असतानाच त्यांनी जुलमी सत्तेशी झुंजणाऱ्या रॉबिनसाठी आवेशपूर्ण सूर रचले आणि रॉबिन व मॅरियन यांच्या प्रेमासाठी अत्यंत कोमल सूरही रचले. १९३९ साली या संगीताला ऑस्कर पारितोषिक मिळाले. परंतु हिटलरची सत्ता असेपर्यंत संगीतसभांसाठी नवीन रचना करावयाची नाही, असा निश्चय करून ते मुख्यत्वे चित्रपटांसाठी संगीत रचीत राहिले.

१९४५ साली युद्ध संपले आणि त्यांची लेखणी पुन्हा मोकळी झाली. आपल्या चित्रपटांतील आवडत्या सुरांतून त्यांनी व्हायोलिनसाठी एक मोठी रचना सिद्ध केली. १९४७ साली विख्यात वादक याशा हायफेट्झ यांनी ती सेंट लुइस येथे सादर केली. श्रोते मोहित झाले. परंतु न्यूयॉर्कच्या एका टीकाकाराने त्यांच्या नावावर कोटी करून तिची टवाळी केली. १९४९ साली ते मोठ्या आशेने व्हिएन्नाला गेले; पण ज्या नगरीने त्यांना बालपणी डोक्यावर घेतले होते, तिलाच आता त्यांचे सूर जुनाट वाटू लागले होते. कोणी त्यांना चित्रपटवाले म्हणून हिणवी, तर कोणी मागासलेले म्हणून. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा आपण विस्मृतीत गेलो आहोत, हीच खंत त्यांच्या मनात होती.

काळाने मात्र निराळाच निवाडा दिला. १९७२ साली त्यांच्या चित्रपटसंगीताची एक ध्वनिमुद्रिका निघाली आणि नव्या पिढीने ते सूर आवडीने ऐकले. ज्या व्हायोलिन-रचनेची टवाळी झाली होती, ती आज जगातील मोठमोठे वादक आदराने वाजवितात. घर हिरावले गेले, मायदेश दुरावला, लौकिकही काही काळ ओसरला. तथापि अंत:करणातून उमटलेला सूर कोणालाही जप्त करता आला नाही.