‘नासा’च्या संस्कृत मेसेजमागचे मराठी काळे

नासाने संगणकासाठी संस्कृत निवडली, हा मेसेज द्रोणागिरीच्या सोसायटी ग्रुपवरही फिरतो. खरी गोष्ट एका मराठी माणसाची आहे.

नागेश भट्ट काळे काशीत राहिले, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या मध्यापर्यंत. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित त्यांचे गुरू. जयपूरच्या सवाई जयसिंहाने बोलावले, पण काशी न सोडण्याचे व्रत मोडले नाही, असे सांगतात. मूलबाळ नव्हते. ‘शब्देन्दुशेखर’ हा ग्रंथ मुलगा, ‘मंजूषा’ मुलगी!

नैयायिक वाक्यात कर्त्याला प्रधान मानत, नागेश क्रियेला. क्रेनने ट्रेलरवरून कंटेनर यार्डात उतरवला, हे वाक्य घ्या. मध्ये उतरवणे, त्याला क्रेन करण म्हणून, कंटेनर कर्म, ट्रेलर अपादान, यार्ड अधिकरण म्हणून जोडलेले. सिमँटिक नेटवर्कही असेच, गाठी आणि नाव दिलेले दुवे. त्यांवर नियम चालवले की न लिहिलेलेही निघते: कंटेनर आता ट्रेलरवर नाही.

हे साम्य नासाच्या एम्स केंद्रातले संशोधक रिक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये ‘एआय मॅगझिन’मध्ये मांडले, नागेशांच्याच विश्लेषणाच्या आधारे. लेख एका संशोधकाचा होता, नासाचा निर्णय नव्हे. मेसेजमध्ये नासा उरली, नागेश गळाले.