काचेच्या पेटीत समुद्र राखणारे फिलिप हेन्री गॉस

गोदावरी व कादवा या नद्यांचा संगम जेथे होतो त्या नांदूर-मध्यमेश्वराच्या पाण्यात आपल्या तालुक्यातील पुष्कळ मुले लहान मासळी धरतात व हौसेने घंगाळात घालून घरी आणतात. संध्याकाळपर्यंत ती मासळी चपळ असते. दुसरे दिवशी पाणी गढूळ होते, त्यास वास येऊ लागतो, आणि एक एक जीव उलटा होऊन वर तरंगतो. नदीत जो मासा वर्षानुवर्षे जगतो तो घंगाळात दोन दिवसही का तग धरीत नाही? हा प्रश्न दिसावयास साधा आहे. तथापि त्याचे उत्तर सापडण्यास बरीच शतके लागली. समुद्राचे खारे पाणी व त्यातील जीव यांसंबंधाने हे उत्तर ज्यांनी विद्वानांच्या दालनातून काढून सामान्य गृहस्थाच्या घरी पोहोचविले, त्या फिलिप हेन्री गॉस यांचे चरित्र समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपणा निफाडकरांसही बोधप्रद होईल.

फिलिपचा जन्म इंग्लंडातील वूस्टर शहरी इ. स. १८१० च्या एप्रिल महिन्याच्या ६ व्या तारखेस झाला. त्याचा बाप गावोगाव फिरून लहान तसबिरी रंगवीत असे; त्या धंद्यात प्राप्ती थोडी व घरी दारिद्र्य फार. बापाचे हे चित्रकौशल्य पुढे मुलाच्या फार उपयोगी पडले. फिलिपचे बालपण पूल या बंदरात गेले. तेथे त्याची एक आत्या होती. तिला समुद्रकाठच्या जीवांची आवड होती, आणि खडकांना फुलासारखे चिकटून राहणारे समुद्रपुष्प नावाचे प्राणी तिनेच त्यास प्रथम ओळखावयास शिकविले. मुलाच्या मनात एखादी आवड रुजविण्यास मोठे विद्यालय लागतेच असे नाही. घरातील एखादे जाणते माणूसही ते काम करू शकते.

गरिबीमुळे शिक्षण लवकर सुटले. १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावर एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून गेला. तेथे १८३२ साली सूक्ष्मदर्शक यंत्राविषयीचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती आले व त्याच्या आयुष्यास वळण लागले. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळी कीटकांचे निरीक्षण, असा त्याचा क्रम सुरू झाला. पुढे १८३५ साली त्याने कॅनडात शेती घेतली. ती साधली नाही. १८३८ साली अमेरिकेतील अलाबामा प्रांतात मळेवाल्यांच्या मुलांस तो शिकवू लागला. परंतु तेथील गुलामगिरीचा प्रकार पाहून त्याचे मन विटले. पुढच्याच वर्षी तो रिकाम्या खिशाने स्वदेशी परतला. जवळ होते ते केवळ टिपणांचे व चित्रांचे बाड.

लंडनजवळ हॅकनी येथे त्यांनी लहानशी शाळा काढली. आपल्या निफाडात १८४२ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, त्या सुमारास गॉससाहेब हे असे एक अप्रसिद्ध पंतोजी होते. १८४४ साली ते जमेका बेटावर गेले व सुमारे दीड वर्ष राहून तेथील पक्ष्यांचा त्यांनी अभ्यास केला. १८४७ साली त्या पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विद्वानांत त्यांचे नाव झाले. १८४८ साली एमिली बोझ या विदुषीशी त्यांचा विवाह झाला, व पुढील वर्षी त्यांस एडमंड हा एकुलता एक पुत्र झाला.

या काळी खारे पाणी घरात टिकविण्याचे प्रयत्न इंग्लंडात चालू झाले होते. ॲना थिन नावाच्या एका पाद्रीपत्नीने १८४६ साली टॉर्की येथील समुद्रातून काही प्रवाळ लंडनास आणून जगविले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात रोज बराच वेळ ओतीत असे. पुढे त्या बाईंनी त्यात समुद्रातील वनस्पतीही ठेवल्या. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली दाखवून दिले की, मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचे योग्य प्रमाण राखले तर पाणी न बदलताही पुष्कळ दिवस निर्मळ राहते. मासा प्राणवायू घेतो व कर्बवायू सोडतो. वनस्पती उजेडात कर्बवायू घेते व प्राणवायू देते. गोगलगाय कुजकी पाने व काचेवरील शेवाळ खाऊन टाकते. एकाचा मळ तो दुसऱ्याचा आहार, हे त्यातील मर्म.

१८५२ साली प्रकृती खालावल्यामुळे गॉससाहेब डेव्हन प्रांताच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी खडकांच्या डबक्यांत उतरून ते जीव गोळा करीत, खडकाचा तुकडा छिन्नीने फोडून त्यावरच्या वनस्पतीसह घरी आणीत, आणि काचेच्या बरण्यांत ठेवून तासन्‌तास पाहत. पाण्याची निगा कशी ठेवावी याचे नियम त्यांनी स्वतः प्रयोग करून बसविले. मेलेला जीव क्षणभरही आत राहू देऊ नये, कारण एक कुजला की सर्वांस विष होते. ऊन फार लागू देऊ नये, नाहीतर पाणी हिरवे होते. वर टांगलेल्या पात्रातून थेंब थेंब पाणी पडू द्यावे, म्हणजे हवा मिसळते. पाणी आटले तर त्यात गोडे पाणी घालावे. कारण वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम समुद्रजलही तयार केले. खाण्याचे मीठ, एप्सम मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्लोराइड, असे चार क्षार ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यांनी त्यात समुद्रातील जीव जगवून दाखविले.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांस पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडण्यात आले. त्यास गॉससाहेबांचे मोठे साहाय्य होते. पुढील साली त्यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ गुरांच्या पाणी पिण्याची जागा असा होता. आज जगभर तो ज्या अर्थाने वापरतात, तो अर्थ या ग्रंथाने रूढ केला. त्यांनी स्वतः काढलेली रंगीत चित्रे पाहून इंग्लंडातील लोक वेडावून गेले. काचेवरील कर १८४५ साली उठल्यामुळे काच स्वस्त झाली होती, आणि आगगाडीने समुद्रकिनारा जवळ आणला होता. दिवाणखान्यात समुद्राची पेटी असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. १८५६ साली रॉयल सोसायटीने गॉससाहेबांस सभासद करून घेतले.

वैभवाच्या या शिखरावर असतानाच दुःखाचे दिवस आले. १८५७ च्या फेब्रुवारीत एमिलीबाई कर्करोगाने वारल्या. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच वर्षी पृथ्वीच्या वयाचा प्रश्न धर्मग्रंथाशी जुळविण्यासाठी गॉससाहेबांनी लिहिलेले पुस्तक शास्त्रज्ञांस पटले नाही व धर्मनिष्ठांसही रुचले नाही. ते लंडन सोडून टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. तेथे त्यांनी ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवर व प्रवाळांवर आपला मोठा ग्रंथ १८६० साली पुरा केला.

परंतु याहूनही खोल असे एक शल्य त्यांच्या पदरी आले. त्यांची पुस्तके वाचून हजारो हौशी लोक छिन्नी-हातोडे व टोपल्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. ज्या डबक्यांत त्यांनी रंगीबेरंगी जीवांची बाग पाहिली होती ती डबकी काही वर्षांतच ओरबाडली जाऊन ओसाड झाली. नेलेले बहुतेक जीव पाण्याची निगा न राखल्यामुळे चार दिवसांत मरत, आणि लोक पुन्हा नवे आणण्यास निघत. एडमंड पुढे नामांकित साहित्यिक झाला. त्याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, या नाशास आपणच कारण झालो ही गोष्ट वडिलांच्या मनास फार लागली होती. ज्या माणसाने निर्मितीचे सौंदर्य दाखविण्यासाठी लेखणी व कुंचला झिजविला, त्याच्याच हातून त्या सौंदर्याची लूट घडावी, हा केवढा दैवदुर्विलास! १८८८ च्या ऑगस्टच्या २३ व्या तारखेस त्यांचे देहावसान झाले.

गॉससाहेबांस एक गोष्ट उमगली नव्हती. पाणी शुद्ध करण्याचे श्रेय ते वनस्पतींस देत. पण खडकाच्या तुकड्यावर व वाळूच्या कणाकणावर आणखी एक अदृश्य सेवकवर्ग राबत होता. १८७७ साली श्लोझिंग व म्युंझ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखविले की, वाळूतून झिरपणाऱ्या मैल्याच्या पाण्यातील अमोनियाचे रूपांतर सजीव जंतू करितात. गॉससाहेबांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जंतू वेगळे करून दाखविले. माशाच्या मळापासून होणारा अमोनिया अतिशय विषारी. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करितात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करितात, ते पुष्कळ सौम्य असते. आपल्या घंगाळातील मासळी का मेली याचे उत्तर येथे पुरे होते: तेथे हवा थोडी, मळ फार, आणि तो पचविणाऱ्या जंतूंची वस्ती झालेली नाही.

आज ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची व प्रवाळांची पेटी असते, त्यांचे सारे गाळणयंत्र याच ज्ञानावर उभे आहे. नव्या पेटीत या जंतूंची वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरावा लागतो. प्रथम कापडाचा गाळणा तरंगता कचरा अडवितो. तो दर तीनचार दिवसांनी धुवावा, नाहीतर अडकलेला कचरा तेथेच कुजतो. नंतर बारीक बुडबुड्यांच्या यंत्रात मळ फेसावर चढून वरच्या पेल्यात जमतो. तो पेला वरचेवर साफ करावा. सच्छिद्र दगडांत जंतू राहतात. ते दगड नळाच्या पाण्याने धुऊ नयेत, कारण त्यातील क्लोरीन जंतूंस मारते. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात ते हलकेच खळबळावेत. हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार हे समुद्राचे प्रमाण मापून राखावे, आणि दर आठवड्यास सुमारे दशांश पाणी बदलावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते व वीजही केव्हा जाईल याचा नेम नसतो. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागतो, म्हणून विजेरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. यांतील एकही काम अवघड नाही. पण एकही काम उद्यावर टाकण्याजोगे नाही.

आपल्या महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला असून ते समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. गॉससाहेबांच्या किनाऱ्यास असा कायदा लाभला नाही. त्यांचे दुःख आपणांस मात्र उपयोगी पडावे.

विद्यार्थ्यांनो, या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, पुरेशी शाळा न मिळालेला एक कारकून नित्य निरीक्षणाच्या बळावर जगास नवे दालन उघडून देऊ शकतो. दुसरी याहून गंभीर आहे: जो जीव आपण घरी आणतो त्याचा समुद्र वा नदी आपणच होतो, त्याचे पाणी राखण्याची तयारी नसेल तर त्यास जेथे आहे तेथेच सुखाने राहू द्यावे. पालकांनीही मुलाने मासळीचे भांडे घरी आणले असता ते रागाने फेकून देऊ नये. पाणी कोण, केव्हा व कसे निर्मळ ठेवणार, एवढे त्यास विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर तो रोज हातांनी देऊ लागला, तर शास्त्र व दया यांचे शिक्षण त्याच्या घरीच सुरू झाले असे समजावे.