पंडिता रमाबाई: दुष्काळात धावून आलेली माय

आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. १८९६-९७ साली त्या प्रांतात मोठा दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई पुण्याहून तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन आल्या. कोवळ्या वयात आई-वडील, बहीण दुष्काळात गमावलेल्या रमाबाईंना ती भूक ओळखीची होती. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. त्यापायी स्वकीयांची टीकाही सोसली. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी या मुलींना न्हाऊ-जेवू घातले, शिकवले, हाताला काम दिले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर झाले ते शिक्षणामुळेच. ते आपल्यापुरते ठेवायचे नसते, हे रमाबाई सांगून जातात. यंदा आपल्या शाळेतल्या एका गरजू मुलीच्या शिक्षणाचा खर्च आपण सगळे मिळून उचलू या का?